आईच्या मिस्कुटाचं सोज्वळ अक्षर

गेल्या मे महिन्यात एका सकाळी माझी आई वारली, आणि ती बातमी तिला शेजारणीकडून कळली.

आई तेव्हा स्वयंपाकघरात सोलकढीसाठी नारळ किसत होती. मी न्हाणीघरात होतो. शेजारची शेवंता मागच्या दारातून आली, हातात पेजेचं भांडं (ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पेज आणतात), डोळ्याला पदर. आई खोबरं किसायची थांबली.

"कोण गेला गो?"

शेवंताने पदर बाजूला केला, आईकडे पाहिलं आणि अंगणात ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली.

"तुमी!"

हे सगळं घडलं ते माझ्या सौंदर्यदृष्टीमुळे.

माझी आई आंब्याचं मिस्कूट घालते. म्हणजे तेलातलं, कैरीच्या फोडींचं लोणचं, हिंग जरा सढळ. गोव्यातल्या आमच्या अख्ख्या पेडण्यात मास्तरीणबाईचं मिस्कूट म्हणून ते प्रसिद्ध आहे. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, म्हणून ती मास्तरीण. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मास्तरीण. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मास्तरीणच. तिने बाटल्या भरून बाजारात बसायचं ठरवलं, तेव्हा एकच अट घातली. (आमच्याकडे 'जाय' म्हणजे पाहिजे.)

"दत्तू, बाटलेर माझें नाव जाय. मास्तरीण म्हण नको. सुलोचना."

आपल्या आईने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. ती आपण साधीसुधी कशी द्यायची? म्हणून मी एका ऑनलाइन कार्यशाळेत नाव घातलं. 'छोट्या व्यवसायाची ओळख' असा विषय होता. तिथल्या बाईंनी सांगितलं की प्रत्येक अक्षराला स्वभाव असतो. झालं! त्या दिवसापासून मला अक्षरांचे स्वभाव दिसू लागले. बसच्या पाटीवरचा 'प' मला भांडखोर वाटायला लागला. दवाखान्याच्या बोर्डावरचा 'द' तर सरळसरळ लबाड होता.

घरात रोज रात्री जेवताना मी मोबाईलवर 'सुलोचना' वेगवेगळ्या फॉन्टमध्ये लिहून सगळ्यांना दाखवत असे. सगळ्यांना म्हणजे आईला आणि बायकोला.

"हा 'ल' बघ, किती उर्मट आहे," मी म्हणायचो.

"हुमण थंड जाता," बायको माशाच्या आमटीकडे बोट दाखवत म्हणायची. मनीषाचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. "तांबडें, जाड अक्षर घाला हो. पिवळी किनार. लांबून दिसूंक जाय."

"ते वाढदिवसाचं अक्षर झालं!" मी कळवळून म्हणालो. आणि ते खरंच होतं. आमच्या बसस्टँडवर जे जे लागतं, म्हणजे कुणा भावी पंचाचा वाढदिवस, नाटक, क्रिकेटचे सामने, ते सगळं त्याच फुगलेल्या, लाल-पिवळ्या, सावली पाडलेल्या अक्षरांत. माझ्या आईचं नाव त्या गर्दीत? छे! मला काहीतरी शांत हवं होतं. सोज्वळ. बारीक, सरळ, काळं, पांढऱ्यावर उठून दिसणारं. शिरोरेघ अशी, की जणू देवघरातली समई.

ते अक्षर मला शेवटी बॅनर छापणाऱ्याच्याच संगणकावर सापडलं. तो मूळचा कोल्हापूरकडचा. मी बोट ठेवल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

"एक नंबर, सर! आमच्याकडं ह्योच सगळ्यात जास्त चालतोय. आणि आजवर एकाची बी तक्रार न्हाई."

मला आपल्या निवडीचा अभिमान वाटला. आता मागे वळून पाहताना वाटतं, तक्रार कोण करणार होतं? पण तो तरी काय करील बिचारा! गिऱ्हाईक स्वतः येतं, गंभीर चेहऱ्याने ते अक्षर मागतं, सोबत आईचा फोटो देतं. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला चहा पाजला. मला वाटलं, कोल्हापूरची माणसं किती प्रेमळ!

फोटोही मीच निवडला. आईला जत्रेत काढलेला, हसतानाचा हवा होता. मी म्हटलं, त्यात दर्जा नाही. मग कुठल्याशा अर्जासाठी काढलेला, समोर बघणारा, ओठ मिटलेला फोटो घेतला. तो लंबगोलात बसवला आणि भोवती आंब्याच्या मोहराची महिरप काढून घेतली. (लांबून ती कशी दिसेल, याचा विचार सौंदर्यदृष्टीत बसत नाही.) खाली फक्त 'सुलोचना' आणि घराचा पत्ता. मिस्कुटाचं नावसुद्धा नाही! कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, आधी लोकांची उत्सुकता जागी करा, मग माल दाखवा.

बॅनर आदल्या संध्याकाळी स्टँडवर लागला. पेडण्यात बारीक काळ्या अक्षरांत पांढऱ्यावर एकच बातमी येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते अक्षर दिसलं की माणसं आणखी मजकूर शोधत नाहीत, फोटो आणि पत्ता बघून सरळ त्या घरी निघतात.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तोवर अंगणात माणसं जमली होती. स्टँडवरचे पायलट (म्हणजे भाड्याचे मोटरसायकलवाले) मोटरसायकली रांगेत लावून, गिऱ्हाइकं सोडून आले होते. बायका ओसरीवर बसल्या होत्या. दोघं जण बांबू घेऊन त्याची लांबी डोळ्यांनी जोखत होते. मी उघड्या अंगाने बाहेर आलेला पाहून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरा केलंस. न्हावन घेतलंस."

"अहो, आई आहे!" मी ओरडलो.

"आसाच रे पूता," ते माझा खांदा थोपटत म्हणाले. "आवय खंय वता? ती आपल्याबरोबरच आसता."

मी आत वळलो, तर मागून बाबलोने मला धरलं. बाबलो आमच्या वाड्यावरचा, कुठल्याही मयताला सगळ्यांत पुढे. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. आमच्याकडे सरणाला आंब्याचं लाकूड लागतं, आणि झाड शक्यतो घरचंच.

"दत्तू," तो हळू आवाजात म्हणाला, "खंयचो आंबो तोडूंया? हो दारातलोच बरो दिसता."

दारातला आंबा म्हणजे मिस्कुटाचा आंबा. त्याच्याच कैऱ्या. आईने सून होऊन आल्यावर स्वतःच्या हाताने लावलेला. बाबलोने खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून परलोकवासी व्यक्ती हातात करवंटीची डवली घेऊन धावत आली.

"माझ्या आंब्याक हात लाव तर बघ! मेल्यांनो!"

बाबलोची कुऱ्हाड त्याच्याच पायाजवळ पडली. बांबूवाले बांबू टाकून कुंपणापलीकडे दिसू लागले. तेवढ्यात रस्त्यावर एक भाड्याची गाडी थांबली आणि तिच्यातून मुळगावचा मामा उतरला, मागोमाग डिचोलीकडचे सगळे नातेवाईक. कुणीतरी बॅनरचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. मामाने दारापर्यंत काही पाहिलंच नाही. डोळे मिटून, छाती पिटत तो सरळ आईच्याच अंगावर येऊन पडला.

"सुलू! सुलू गो! माका सोडून खंय गेलंस गो!"

"खंय वचूंक ना," आई म्हणाली. "चप्पल काड, घाण लागल्या तुझ्या चपलेक."

मग हसू फुटलं. आधी शेवंताला, मग सगळ्यांना. मामा हसता हसता पुन्हा रडला. ओसरीवरची एक म्हातारी मात्र गंभीरच होती.

"हिचें नाव सुलोचना?" ती शेजारणीला विचारत होती. "इतकीं वर्सां शेजार, माका खबर ना! आज बॅनरार वाचून घेतलें म्हणून कळलें."

आईने ते ऐकलं. डवली खाली ठेवून तिने पदर सारखा केला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

एवढी माणसं आलेली, न जेवता कशी जाणार? शेवंताच्या पेजेत आणखी तांदूळ पडले. पेजेबरोबर तोंडीलावणं हवं, म्हणून आईने बाजारासाठी भरलेल्या बाटल्या फोडल्या. सगळ्या! माझ्या सोज्वळ अक्षराची लेबलं लावलेल्या. अंगणभर पंगत बसली. आणि त्या पंगतीत प्रथमच मला ऐकू आलं, "सुलोचनाबाय, फोड वाढ गो आनीक." "सुलोचनाबाय, हिंग बरो पडला." ज्याने कुऱ्हाड आणली होती, तो बाबलो तीनदा मागून घेत होता. त्या आठवड्याच्या बाजारात आईकडे विकायला एकही बाटली उरली नाही, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः कोल्हापूरवाल्याकडे गेली. मी बरोबर होतो, पण मला बाहेर बाकड्यावर बसवण्यात आलं. (कोल्हापूरवाला मला पाहून सद्गदित होऊन पुढे आला आणि माझ्यामागून आईला येताना पाहून खुर्चीवर बसला.) तिने लाल, जाड, फुगीर अक्षर निवडलं. पिवळी किनार, मागे सावली. फोटो जत्रेतला, सगळे दात दिसणारा.

"आई, हे फारच भडक होतंय," मी बाहेरून म्हटलं.

"भडक जाय माका," ती म्हणाली. "अक्षर जित्या माणसाचें जाय."

आता तिच्या बाटल्या दर बाजारी दुपारच्या आत संपतात. त्यांवरचा 'ल' इतका उर्मट आहे की मी त्याच्याकडे बघत नाही. पेडण्यात तिला आता कोणी मास्तरीण म्हणत नाही. लहानथोर सगळे सुलोचनाबाय म्हणतात.

नाव गेलं ते माझं. परवा मी बाजारातून येत होतो, तर मासळीवाल्या बाईने शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, "हो कोण गो?"

"वळखूंक ना?" ती म्हणाली. "जेणें आवयक बॅनरार मारली, तो."