फोटो कापायचा न्हाय

आमच्या 'पाणवठा' ग्रुपवर रोज सकाळी सात-आठ फोटो येतात आणि त्यांच्या मागं एखादा किस्सा हमखास येतो. फोन भरला की फोटो मी डिलीट करते, पण किस्से कुठं डिलीट होतात? परवा एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो काढताना असाच एक आठवून मला हसू आलं, तर तो बिचारा रुमालानं तोंड पुसायला लागला!

धाराशिवला माझा फोटो स्टुडिओ आहे. ग्रुपमध्ये आम्ही तिसेक जण: मास्तर, शेतकरी, एक कंपाउंडर, नळदुर्गचा एक ढाबेवाला. तळ्याकाठी दिसेल त्याचा फोटो टाकायचा आणि विचारायचं, हे काय? उत्तर नामदेव अण्णा देणार. अण्णा म्हणजे रिटायर पाटकरी. पाटाला पाणी सोडण्यात आणि तळ्यांची पातळी बघण्यात त्यांची उभी नोकरी गेली. पक्षी आधी पाहिले, पुस्तकं नंतर.

*

ग्रुपला नियम एकच आणि तो अण्णांचा. फोटो कापायचा नाही.

मी नवीन होते. त्यात स्टुडिओवाली, हात शिवशिवणारच. एका चिमुकल्या पक्ष्याचा फोटो मस्त क्रॉप करून, उजळून टाकला. पीस न् पीस मोजून घ्या. अण्णांचा व्हॉइस मेसेज आला, "ताई, पाहुणा आणलात, पर त्याचं घर कुठं ठिवलंत?"

मला रागच आला. एवढी मेहनत केली, त्याचं काहीच नाही! पण मूळ फोटो टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं. पाणी उतरलेलं आहे, चिखल ओला पण पाय न रुतणारा, पक्षी एकटा फिरतोय, म्हणजे तुतारी नावाचं पाखरू. आणि शेपूट सारखी वरखाली करत असणार. करत होती हो! फोटोत शेपूट हलताना दिसते का कुठं? वर तळं कुठलं तेही सांगितलं. ते तर मी मुद्दाम लपवलं होतं.

*

तुळजापूरकडच्या एका गावातून फोटो आला, तळ्यात मगर. लांबलचक काळी पाठ, वर हिरवट खवले. गावानं तीन दिवस तळ्याकडं जाणं सोडलेलं, बायका धुणं घेऊन बोअरवर रांगेत. आमचे लोक लगेच मगरीची लांबी ठरवायला बसले. कंपाउंडर बारा फुटांवर ठाम.

अण्णा सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, "कडंला कुत्रं पाणी पितंय, ते बघितलं का कुणी? मगर आली तर आधी कुत्र्याला कळतंय, मग सरपंचाला."

कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांनी मगरीवरच झूम केलेलं. शेवटी एकानं धीर करून लांब काठीनं ढोसलं, तर निघाला मोटारीचा जुना पाइप, शेवाळ धरलेला. कंपाउंडरनं मात्र माघार घेतली नाही. पाइप मोजायला लावला. बारा फुटीच निघाला.

*

माने सर सास्तूरकडच्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी एकदा रोहित पक्ष्यांचा थवाच्या थवा टाकला. गुलाबी नुसता. खाली लिहिलेलं, आज सकाळी, आमच्या तळ्यावर. आम्ही अंगठ्यांचा पाऊस पाडला. अण्णांचा अंगठा तेवढा आला नाही. संध्याकाळी फोटो गायब.

काय झालं ते सरांनीच मला पुढं कधीतरी सांगितलं. फोटो नेटवरून उचललेला होता. अण्णांनी गुपचूप फोन केला होता. फोटो लई झ्याक हाय म्हणाले, पण बेशरमाचं एक झुडूप न्हाय असा तळ्याचा काठ मी आपल्या भागात उभ्या जन्मात बघितला न्हाय. तुमच्याच हातानं काढून टाका, मी कुणाला बोलत न्हाय.

"रागावले असते तर ग्रुप सोडून मोकळा झालो असतो," सर म्हणाले. "रागावलेच नाहीत, आता जातो कुठं?"

तेव्हापासून सर उजाडायच्या आत पाण्यावर हजर असतात. मला त्या दोघांचाही लई अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू.

*

अण्णांचं स्वतःचं एक दुखणं होतं. तरुणपणी नळदुर्गजवळ बोरी नदीच्या काठाला त्यांनी पाणमांजरं पाहिली होती. एकदाच, पहाटे, दोन. एकमेकांना बारीक शिट्ट्या घालत होती म्हणे. ज्याला सांगितलं तो हसला. मुंगूस असेल म्हणाले, कुत्र्याची पिल्लं असतील म्हणाले. फोटो नव्हता.

आम्ही जिल्ह्यातल्या पाणवठ्यांवरच्या प्राण्यांची यादी केली तेव्हा मीच म्हटलं, लिहू या ना, अण्णा काय खोटं बोलतात? अण्णांनीच हात धरला. दुसऱ्याला पुरावा मागायचा आणि स्वतःला सूट, हे जमायचं न्हाय म्हणाले. ती ओळ कोरी राहिली.

मग काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. ती भराभर उतरायला लागली. अण्णांचं एकच होतं. कुणीतरी त्या जनावराचा फोटो काढावा आणि तो बघायला माझे डोळे असावेत.

*

आता आमचा शहाणपणा ऐका. अण्णांना वगळून आम्ही दुसरा ग्रुप काढला आणि गुपचूप ठरवलं की इथून पुढं ढोबळ, चटकन ओळखू येणारे पक्षीच टाकायचे. बगळा, वारकरी, खंड्या. महिनाभर बगळेच बगळे! अण्णा रोज शांतपणे सांगायचे, बगळा.

एक दिवस मेसेज आला, "जिल्ह्यातली बाकीची पाखरं मेली का काय? डोळं गेल्यात माझं, अक्कल हाय अजून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी अण्णांनी दुसरा नियम घातला. फोटो काढा, पण मला फोन लावून तोंडानं सांगा. आधी पाणी, मग काठ, पक्षी शेवटी. पहिले काही दिवस आमची त-त-प-प व्हायची. पाण्याचा रंग विचारला की पंचाईत. इतकी वर्षं फोटो काढतेय मी, पण नीट बघायला तेव्हा लागले.

*

गेल्या हिवाळ्यात माने सर बोरीच्या काठाला गेले होते. नुकतंच उजाडलेलं. ग्रुप कॉल लावला, अण्णा आणि मी ऐकतोय. सर सांगत होते, पाणी दगडापर्यंत आलंय, संथ आहे, काठाला लव्हाळा आहे, पक्षी म्हणाल तर समोर एक मोरशराटी...

"सर, गप बसा जरा," अण्णा म्हणाले.

मी फोन कानावर दाबून धरला. लांब हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता. दुसरं मला काहीही ऐकू आलं नाही.

"आता मागं वळा. हळू. तोंडातनं शब्द काढू नका."

मग कॅमेऱ्याचा खटखट आवाज. बराच वेळ. आणि मग सरांचा आवाज, "अण्णा, तीन आहेत."



तो फोटो मी मोठा करून प्रिंट काढला आणि सरांबरोबर अण्णांच्या घरी घेऊन गेले. नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. पाणी, दगड, लव्हाळा आणि शेवटी पाण्याबाहेर काढलेली तीन चपटी डोकी, मिशांवर थेंब. अण्णांनी प्रिंट मांडीवर घेतला. चारी कडांवरून सावकाश बोट फिरवलं. मग माझ्याकडं तोंड करून विचारलं, "कापला न्हाय न्हवं, ताई?"