मी गाडीत बसून राहिले

हे रिटायर झाले तेव्हा मिशिगनमधलं ट्रॉयचं घर विकून आम्ही ॲरिझोनाच्या या वाळवंटी गावात आलो. तिथल्या थंडीत ह्यांचे गुडघे धरायचे, म्हणून. इथे अंगणात गवत नाही, खडी असते. पहाटे पाचला फिरून यायचं, नऊनंतर पडदे ओढून घ्यायचे, दुपारी लायब्ररीत जाऊन बसायचं. दर बुधवारी मात्र डबा आणि थर्मास घेऊन कुठेतरी लांब ड्राइव्हला जायचो. गाडी नेहमी हेच चालवायचे. सगळी नोकरी मोटारीच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे माझ्या हातात स्टिअरिंग दिलं की त्यांना चैन पडत नसे.

त्या बुधवारी तांब्याच्या एका बंद पडलेल्या खाणीकडे निघालो होतो. मे संपत आलेला. आदल्या दिवशी मुलीचा ट्रॉयहून फोन आला होता, आता परत या म्हणून. मला जायचं होतं. ह्यांना नव्हतं. वाटेत त्यावरून वाजलं. मी म्हणाले, इथे आपण मेलो तरी चार दिवस कुणाला कळणार नाही.

कच्च्या रस्त्यावर एका धारदार दगडाने टायर बाजूने फाटला. नव्या गाडीत जादा चाक नव्हतं, नुसता पंप आणि भोक बुजवायच्या द्रावणाचा डबा. फाटलेल्या टायरला त्याचा काय उपयोग? फोनला रेंज नव्हती. अर्धा तास वाट पाहिली, कुणी आलं नाही. तेव्हा साडेदहा झाले असतील.

"डांबरी रस्ता तीन मैलांवर आहे, तिथे रेंज मिळेल," हे म्हणाले. पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्यातली एक त्यांनी घेतली. टोपी घातली. दार लावण्याआधी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं. वाळवंटात अडकलं तर गाडी सोडून जायचं नसतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी रागात होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी तापली तशी मी उतरून तिच्या सावलीत बसले. घाम आलेला कळतही नव्हता, अंगावरच वाळत होता. दोन तासांनी खाणीच्या बाजूने एक पिकअप आला. चालवणारी बाई माझ्याच वयाची, गुरं पाळणारी. "ते चालत गेले?" माझं ऐकून एवढंच तिने विचारलं, आणि मी आत बसले तशी गाडी वेगाने काढली.

हे रस्त्यावर नव्हते. तिलाच ते आधी दिसले. रस्त्यापासून वीसेक पावलं आत, एका काटेरी झाडाखाली बसलेले. शर्ट काढून नीट घडी घालून शेजारी ठेवला होता. बाटली अर्धी भरलेली. मी कपाळाला हात लावला, तर कातडी कोरडी आणि तव्यासारखी तापलेली.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "डबा आणलास? माझी शिफ्ट सुरू होतेय."

त्या बाईने बर्फाच्या पेटीतलं सगळं पाणी त्यांच्यावर ओतलं आणि रेंज येईपर्यंत गाडी पळवली. पुढे हेलिकॉप्टरने नेलं. अकरा दिवस हॉस्पिटल. मूत्रपिंडं सावरली, पण तोल आणि वाचा सावरली नाही. उष्णतेने मेंदूचा तो भाग गेला, डॉक्टर म्हणाले. आता हे वॉकर धरून चालतात, आणि बोललेलं निम्मं माझ्याखेरीज कुणाला कळत नाही.

मुलगी धावत आली. मी तिला भांडणाचं सांगितलं. ती माझा हात धरून म्हणाली, "आई, डोन्ट डू धिस. बाबा तसेही गेले असते." मी मान हलवली. पण चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी "थांबा" म्हटलं आणि हे थांबले नाहीत, असं एकदाही झालेलं नाही. ते मी तिला कसं सांगणार?

आता गाडी मी चालवते. बुधवारी थेरपीला नेते, चाळीस मिनिटं लागतात. हे शेजारी बसलेले असतात. मी चुकीच्या लेनमध्ये गेले तरी काही म्हणत नाहीत.

गेल्या महिन्यात थेरपीहून परतल्यावर मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि मन घट्ट करून म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला अडवायला हवं होतं."

त्यांनी शब्द जुळवत विचारलं, "कुठल्या दिवशी?"

मी सांगायला लागले. खाण, टायर, पाण्याची बाटली. ते लक्ष देऊन ऐकत होते, कुणा तिसऱ्याच माणसाची हकीकत ऐकावी तसे. मी खिडकीबाहेर बघत राहिले, तिथवर येण्याआधीच त्यांना ठसका लागला. मी पाठ चोळली, ओठांच्या कडेची लाळ पुसली आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं.