कापलेल्या बुरशीची हिरवी रेघ

जखम झाली की तुम्ही काय करता? कण्हता, की पुढच्या पिढीच्या तयारीला लागता?

नव्वदनंतरची गोष्ट. राहुरीला मी शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि वडिलांनी चळवळीच्या सभांमधून आणलेली पत्रकं ढीगभर. त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकले. त्या वर्षी आईच्या एकरभर हरभऱ्याची पेरणी तीन आठवड्यांवर आली होती. आदल्या साली निम्मं रान मर रोगाने वाळलं होतं. रोगाच्या बुरशीला खाणारी दुसरी बुरशी, ट्रायकोडर्मा, आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बश्यांत वाढवत होतो. बियाण्याला चोळायला तिचे हिरवे बीजाणू लागतात, म्हणजे जिच्यातून तिची पुढची पिढी उगवते ती पूड. पण बश्या नासल्या आणि एकच उरली, तीही पांढरीफटक, बीजाणू न धरलेली.

ती माझ्या वर्गमैत्रिणीलाही हवी होती. तिच्या वडिलांचं कर्जतकडे मोठं रान.

"आमचा हरभरा दहा एकर आहे," ती म्हणाली. "तुला एकरासाठी अख्खी बशी कशाला गं?"

"रान मोठं म्हणून हक्क मोठा, असं कुठे लिहिलंय?"

"झालं. आता यावर पत्रक काढ."

मी पातं ज्योतीवर धरलं, निवू दिलं आणि बुरशी भाकरीसारखी मधोमध कापली. अर्धी उचलून तिच्या बशीत ठेवली.

प्रयोगशाळेचे सर मागे उभे होते. "छान. जखमी बुरशी बीजाणू धरायची नाही. आता दोघींनाही काही मिळणार नाही," म्हणून निघून गेले. आम्ही बश्या कपाटात ठेवल्या. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही बश्यांत, अगदी कापलेल्या कडेने, हिरवी रेघ उमटली होती. बाकी सगळं पांढरंच. सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "माझं चुकलं," ते म्हणाले. शिक्षकाच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

कारण पुढे संशोधकांनी शोधलं. तंतू तुटला की पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांपासून निरोप तयार होतात, आणि ते पोचले की शेजारच्या शाबूत पेशी बीजाणू धरू लागतात.

ते बीजाणू आम्ही उकडलेल्या ज्वारीवर वाढवले आणि पेरणीआधी दोन्ही घरच्या बियाण्याला चोळले. हरभऱ्याला घाटे, म्हणजे शेंगा, धरल्यावर आई म्हणाली, "औंदा लई थोडं वाळलं. तुज्या मैतरनीचं कसं हाय?"

तिचंही बरं होतं.

या रब्बीत बियाण्याला लावायची बुरशी तुमच्या हाती आली, तर अर्धी शेजाऱ्याला नेऊन द्या. आणि आधी लहान रानवाल्याकडे जा.