दीड पान

साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला मी सर्जनशील लेखन शिकवते. तीन वर्षांपूर्वी त्या वर्गात लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आले. पंचेचाळिशीचे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. पाटणच्या पलीकडच्या गावाहून एस.टी.नं यायचे, पहिल्या बाकावर ताठ बसायचे आणि मी आत शिरले की खाडकन उभे राहायचे. पोरं त्यांना काका म्हणत. लिहायला कशासाठी शिकायचंय, असं मी पहिल्या तासाला सगळ्यांना विचारलं. कुणाला कविता करायच्या होत्या, कुणाला मालिकांसाठी लिहायचं होतं.

"मला एकच गोष्ट लिवायचीय, म्याडम," ते म्हणाले. "ती झाली की बास."

ती त्यांच्या दोस्ताची गोष्ट होती. दोस्त कुंडलचा, यांच्याच तुकडीतला. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत कोसळली आणि तो गेला. त्याला घरी घेऊन येणारे हेच. सगळं आटोपल्यावर त्याच्या आईनं यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या दिवशी जेवला हुता का रं त्यो?" नुसती मान हलवून ते निघून आले आणि नऊ वर्षं त्या घराकडे फिरकले नाहीत.

त्यांनी पहिल्यांदा पाच पानं लिहून आणली. अक्षर मोत्यासारखं. पण आत हिमशिखरं, भारतमाता, धगधगतं रक्त. दोस्त कुठंच नव्हता. मी खाली लिहिलं, 'त्या सकाळी उठल्यावर तुम्ही दोघांनी काय केलंत?'

वही बघून त्यांचा चेहरा उतरला. "शहिदाबद्दल असलं लिवायचं व्हय? दात घासलं, च्या प्याला?"

"त्याच्या आईनं काय विचारलं होतं?"

ते वही उचलून गेले, ते दोन आठवडे आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. आपण असं कुणाला गमावलेलं नाही, मग तिथं बोट ठेवायचा आपल्याला काय अधिकार? फोन करायला दोनदा मोबाईल हातात घेतला, पण केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात ते आले. वही माझ्यासमोर ठेवून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दीडच पान होतं, तेही त्यांच्या बोलीत. दोस्तानं रजेवरून येताना घरचं जोंधळ्याचं पीठ आणलं होतं. त्या सकाळी हौसेनं भाकऱ्या थापल्या, त्यातल्या दोन करपल्या. त्या स्वतः खाल्ल्या, चांगली यांना दिली. गाडीत बसताना मिशीला पीठ लागलेलं तसंच होतं.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "उद्या वर्गात वाचाल?"

"न्हाई. आदी तिकडं."

रविवारी ते कुंडलला गेले. मंगळवारी तास संपल्यावर थांबून मला सगळं सांगितलं. दोस्ताच्या म्हाताऱ्या आईनं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना हसली आणि म्हणाली, "तवा लय तापवायचा त्यो, पहिल्यापास्नं." मग रडली. मग यांना जेवायला वाढलं आणि ऊन उतरेपर्यंत तीच बोलत राहिली. लहानपणी कुठं पडला, मास्तरांशी कसा भांडला, भरतीच्या आदल्या दिवशी पायात कसा काटा मोडला.

"ह्ये समदं मला ठावंच न्हवतं," हवालदार म्हणाले. "लिवून घिऊ का, म्याडम?"

"पण एकच गोष्ट लिहायची होती ना?"

"व्हय. पर ती आता तिची बी झाली."

त्यांचं एम.ए. कधीच झालं. गेल्या महिन्यात ते स्टाफरूममध्ये आले, दुसरी वही घेऊन. आता दोस्ताची बहीणही सांगायला लागली आहे. मी पहिलं पान उघडलं. म्हातारीचा एकही शब्द त्यांनी बदलला नव्हता. चहा मागवला आणि आम्ही दोघं वाचायला बसलो.