थोरलीची बिनउन्हाची झाडं

थोरलीने झाडं लावली ती निव्वळ रागापोटी. आई गेल्यावर घरातली एकुलती एक खिडकीची खोली धाकटीने बळकावली. कारण काय, तर तिच्या कुंड्यांना ऊन लागतं! धाकटी बागेच्या रोपवाटिकेत कामाला होती. थोरली कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुऊन निवृत्त झालेली. तिच्या वाट्याला अंधारी खोली आणि तिच्यापुढचा पॅसेज आला. महिन्याभरात तिने काचेची टाकी आणली, धाकटीच्या दारासमोर मांडली आणि तिच्यात अनुबियास आणि जावा फर्न लावले. दोन्ही पाण्याखाली, मंद उजेडात तगणारी, महाचिवट झाडं.

"माझं उन्हावाचूनही उगवतं," ती बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. त्यानंतर तीन वर्षं दोघींमध्ये विस्तव जात नव्हता.

टाकीत तिने मासा एकही सोडला नाही. त्याचे लाड कोण करणार? पण झाडांची पानं मात्र दर रविवारी मऊ ब्रशने पुसायची. त्यांची आल्याच्या गड्ड्यासारखी आडवी खोडं तिने काळ्या दोऱ्याने लाकडाला बांधली होती. अख्ख्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली आणि दोन दिवसांचं हॉस्पिटल पंधरा दिवसांवर गेलं. घरी आल्या आल्या तिने उघड्या डोळ्याने टाकीकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी शेवाळाने हिरवंगार झालेलं. वर धाकटीचा टेबललॅम्प भगभगतोय. दोरे कापलेले, खोडं खडीत गाडलेली आणि कुजून काळी पडलेली.

"डूख धरून मारलीस ना?" तीन वर्षांनी धाकटीशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

धाकटी दारात आली. "मारली? उजेड दिला, खत घातलं, मुळं नीट खोवली! तू तर दोऱ्यांनी जखडून ठेवली होतीस बिचाऱ्यांना. रोज शंभर रोपं लावते मी, मला शिकवू नकोस."

"खोड गाडलं की कुजतं, दीडशहाणे! ते उघडंच ठेवायचं असतं."

"मग जाताना सांगायचंस!"

"कुणाला? दाराला?"

लॅम्पशेजारी खताचा डबा होता. धाकटी स्वतःच्या गुलाबांनाही ज्यातलं मोजून मापून घालायची, तोच. थोरलीला काय ते कळलं, आणि कळलं म्हणून ती आणखीच चिडली. आता धड शिव्याही घालता येईनात.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायला आणि घाण पाण्यात हात घालायला बंदी केली होती. म्हणून ती स्टुलावर बसून हुकूम सोडू लागली. "ते काढ. मऊ लागतंय? फेक. पुढचं."

"जीभ बरी शाबूत आहे," धाकटी कोपरापर्यंत हात बुडवून पुटपुटली.

सगळ्यांतून बोटभर तुकडा टणक निघाला, अनुबियासचा, दोन पानांचा. धाकटीने तो दोऱ्याने लाकडाला बांधला, पाणी बदललं आणि लॅम्प उचलला.

"आता हे मेलं तर माझ्या नावाने बोंबलू नकोस. आणि उद्याच मी माझ्या दारावरच्या काचेला जाड कागद लावते. माझ्या खोलीतला उजेडसुद्धा नको इकडे. तुला नकोच आहे ना तो?"

थोरलीने वर पाहिलं. त्या काचेतून सकाळी फिकट उजेडाचा पट्टा यायचा आणि नेमका टाकीवर पडायचा. टाकी मांडण्याआधी चार सकाळी पॅसेजमध्ये उभं राहून तिने ती जागा हेरली होती. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिने दोन पानांच्या त्या तुकड्याकडे पाहिलं.

"कागद लावू नकोस," ती म्हणाली.

"का?"

हरल्याची चीड थोरलीच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"तीन वर्षं झाडं तेवढ्या उजेडावरच जगली."