कुंदाचं 'सुट्टीचं घर' आणि माझी नुसती खोली

तर बायांनो, आधी कुंदाकडेच गेली ती नकाशावाली पोरं! डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत आम्ही दोघी समोरासमोर. पाहुण्यांना ती तिची जादा खोली भाड्याने देते, मी माझ्याच घरातला पोटमाळा. नेटवरचा नकाशा म्हणे लोकच मिळून भरतात. त्यात कुठल्या जागेला काय म्हणायचं ते ठरवायला आज एक पोरगा आणि पोरगी आली होती.

पाहुण्याला वेगळं स्वयंपाकघर असेल तर 'सुट्टीचं घर', मालकीण रांधून घालत असेल तर 'घरगुती खोली'. कुंदाच्या त्या खोलीत वेगळा ओटा, म्हणून तिला 'घर' मिळालं. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

मी ठोकून दिलं, "माझ्याकडेपण पाहुणेच करून खातात."

पोरगी हसली. "आजी, मग गॅसवर बांगड्याचं तिखलं कुणाचं?"

झालं, खोलीच लिहिली. पण दोघं बोटं चाटून जेवली हो! कुंदा दारातून बघत म्हणाली, "आमच्याकडे चहापण नाही घेतला." आता दुखू दे तिच्या पोटात.

तरी ते 'घर' मला हवंच होतं. तुम्ही कुठे उतराल, खरं सांगा? पोरं रविवारी परत येतो म्हणालीत, जेवायलाच.