सहा फ्लास्क, एक बाटली

सहाही फ्लास्क गढूळ झाले होते. एकेक उजेडात धरून पाहिला, मग मायक्रोस्कोपखाली. बॅक्टेरिया मजेत होते. नंदाच्या पेशी मेल्या होत्या.

नंदा मुक्ताईनगरकडची, बसची कंडक्टर. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. बांधावरून पडून तिचं रुपयाएवढं अस्तर निघालं होतं, आणि ते आपोआप भरून येत नाही. म्हणून जळगावच्या सर्जननी दुर्बिणीतून तिच्याच गुडघ्याच्या कडेचा, भार न पडणाऱ्या जागेचा, तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढून धुळ्याला आमच्या लॅबमध्ये पाठवला. आमचं काम सोपं. त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, मीडियम म्हणजे पेशींचं पातळ खाद्य घालून महिनाभर वाढवायच्या आणि खड्डा भरायला परत पाठवायच्या. मीडियम गुलाबी असतं. ते पिवळट, गढूळ दिसलं की कारभार आटोपला.

डेपोनं तिला ठरावीक मुदतीपर्यंत बसून काम दिलं होतं. ऑपरेशननंतर उभ्यानं ड्युटी करायला वर्ष जातं. ते वर्ष धरलं तर मुदतीत जेमतेम दोन महिने उरत होते. ती हुकली तर कंडक्टरकी गेली.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"पेशंटच्या पेशींनी रिस्पॉन्स दिला नाही, असं कळवा," सर म्हणाले.

"पेशींनी दिला होता सर. कंटॅमिनेशन आपलं आहे."

"तेच जरा सौम्य शब्दांत."

फोन नंदाच्या वडिलांनी, एकनाथनानांनी घेतला. नाना केळीवाले. त्यांच्या भागात 'टिश्यू' म्हणजे लॅबमध्ये वाढवलेलं केळीचं रोप. पहिल्या भेटीतच त्यांनी मला "मर किती धरता?", म्हणजे शंभरातली किती मरतील, असं विचारलं होतं आणि मी हसले होते. आता सौम्य शब्द काही तोंडात येईनात.

"नाना, पेशी गेल्या. चूक आमची आहे. मीडियममध्ये जंतू शिरले."

नानांनी पलीकडे पाण्याची मोटार बंद केली.

"सहाच्या सहा?"

"हो."

"मंग सहाले एकाच टाकीचं पानी दिलं व्हतं का तुमी?"

दिलं होतं. एकच बाटली उघडून सहाही फ्लास्कमध्ये मीच ओतली होती.

"आन् ठेवले बी एकाच शेडमधी?"

"एकाच इन्क्युबेटरमध्ये."

"ताई, मी केळी लावतो तं रोपं दोन शेडमधून आनतो. तुमाले एका पोरीचा गुडघा नाही सांभाळता आला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एम.एस्सी., बारा वर्षांचा अनुभव, आणि सहा फ्लास्कला एक बाटली.

मग नंदानं फोन घेतला. "मॅडम, मी परत तुकडा देते. पण या वेळी नाना म्हणतात तसं करा. अर्धं वेगळं ठेवा. मला तिसऱ्यांदा तुकडा द्यायला टेबलावर झोपायचं नाही."

सर वैतागले. "दोन इन्क्युबेटर एका पेशंटला? पुढच्या पेशंटचं काय?"

"महिनाभर थांबेल."

"आणि हे सांगितलं कोणी?"

"केळीवाल्यांनी."

सरांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या खेपेला तीन फ्लास्क माझ्याकडे आणि तीन वरच्या मजल्यावर. बाटल्या वेगळ्या, हात वेगळे. तिसऱ्या आठवड्यात वरच्या इन्क्युबेटरमधला, पेशींना लागणारा गॅस रविवारी संपला, आणि ते सोमवारी कळलं. तीन फ्लास्क गेले. माझ्याकडच्या तिन्ही फ्लास्कना आठ दिवस जास्त द्यावे लागले, पण खड्डा भरण्यापुरत्या पेशी झाल्या. ऑपरेशन झालं, आणि वर्षभरानं नंदा मुदत संपायच्या चार दिवस आधी फिटनेस सर्टिफिकेट घेऊन डेपोत उभी राहिली. फोनवर हे सांगताना ती रडली आणि इकडे मीही.

आता आमच्याकडे प्रत्येक पेशंटच्या पेशी दोन जागी वाढतात. सर त्यावर प्रेझेंटेशन देतात. त्यात बाण आहेत, चौकोन आहेत, नाना नाहीत.

मला त्याचं वाईट वाटत नाही. मला दुसरंच आठवतं. त्या दिवशी मी नानांना "पेशींनी रिस्पॉन्स दिला नाही" एवढंच सांगितलं असतं, तर ते "बरं" म्हणाले असते. आणि पुढचे सहाही फ्लास्क मी वरच्या मजल्यावर ठेवले असते. तो इन्क्युबेटर नवा होता.